कर लावलाच नाही: प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या बंद शाळांचं प्रकरण

अमेरिकन शाळांमधल्या वर्णविभाजनाचा विषय निघाला की बहुतेकांना १९५७ चं लिटल रॉक आठवतं. सैनिकांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत शिरणारी नऊ कृष्णवर्णीय मुलं, बाहेर ओरडणारा जमाव. प्रिन्स एडवर्ड काउंटीत यातलं काहीच घडलं नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून तिथल्या कारभारी मंडळाने १९५९ च्या जूनमध्ये शाळांसाठी कर लावायचा नाही असं ठरवलं, आणि सगळ्या सरकारी शाळांना पाच वर्षांसाठी कुलूप लागलं. दंगल झाली नाही, कुणाला अटक करावी असा गुन्हाही वरकरणी दिसत नव्हता. तरीही हजाराहून जास्त मुलांची शिकायची वर्षं गेली.

न्यायालयीन नोंदींतली आणि सार्वजनिक जीवनातली नावं इथे दिली आहेत. ज्या कुटुंबांची मुलं यात भरडली गेली, त्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

प्रिन्स एडवर्ड ही व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण भागातली, तंबाखूच्या शेतीवर जगणारी काउंटी. आपल्या हिशेबाने एखाद्या लहान तालुक्याएवढी: १९६० साली लोकसंख्या जेमतेम १४,००० आणि त्यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक कृष्णवर्णीय. मुख्य गाव फार्मव्हिल. गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या, आणि राज्याच्या घटनेतच तसं लिहिलेलं.

कृष्णवर्णीय मुलांसाठीचं रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांच्या हिशेबाने बांधलं होतं. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशे मुलं झाली. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही. पालकांनी वाढीव इमारत मागितली तेव्हा शाळा मंडळाने आवारात लाकडी सांगाडे उभे करून त्यांवर डांबरी कागद ठोकून दिला. या खोपटांत पाऊस गळायचा. हिवाळ्यात मधोमध एक शेगडी पेटवलेली असायची. तिच्याजवळची मुलं घामाघूम व्हायची आणि कडेची मुलं अंगावरचा कोट न काढता थंडीत कुडकुडत धडा लिहायची. रस्त्यावरून जाणाऱ्या परगावच्या लोकांना ती कोंबड्यांची खुराडी वाटायची.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी संप केला. आधी मुख्याध्यापकांना एक खोटा फोन गेला: गावातल्या बसस्थानकावर आपली मुलं अडचणीत सापडली आहेत, लवकर या. ते बाहेर पडताच त्यांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांत फिरली आणि सगळी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला तर व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी विद्यार्थीच. शिक्षकांना बाहेर जायला सांगण्यात आलं. आपण पकडलो गेलो तरी मुख्याध्यापकांवर बालंट येऊ नये, त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हतं असं म्हणता यावं, एवढा पुढचा विचार या मुलांनी केला होता. (बालंट आलंच. त्यांना नोकरी गमवावी लागली.)

मुलांना हवी होती चांगली इमारत. त्यांनी रिचमंडच्या दोन वकिलांना, ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांना, पत्र लिहिलं. दोघेही एनएएसीपी या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेसाठी काम करायचे. त्यांनी अट घातली: इमारतीसाठी खटला लढणार नाही, वर्णविभाजनच रद्द करा असा खटला असेल तरच येऊ. पालकांनी रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये बैठक घेऊन होकार दिला. या साऱ्या प्रकरणातला हा पहिला मोठा निर्णय, आणि तो घेणाऱ्यांना त्याची किंमत किती पडेल याचा अंदाज येण्याचं काही कारण नव्हतं. पाठोपाठ जॉन्स कुटुंबाच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागली आणि बार्बराला पुढच्या शिक्षणासाठी अलाबामातल्या मॉन्टगोमरी शहरात काकांकडे पाठवण्यात आलं.

खटला २३ मे १९५१ ला दाखल झाला. १९५२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला. फक्त इमारती सारख्या करा म्हणाले. काउंटीने तेवढ्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी नवं कोरं हायस्कूल बांधूनही टाकलं, १९५३ मध्ये ते उघडलं. विभाजन टिकवण्यासाठी काउंटी एवढा खर्च करायला तयार होती. दरम्यान हा खटला इतर ठिकाणच्या अशाच खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ या नावाने गाजलेला निकाल लागला: सरकारी शाळांत वर्णावरून वेगळं बसवणं घटनाबाह्य.

पेच

निकाल लागला, पण कधीपर्यंत अंमल करायचा ते ठरलं नाही. १९५५ च्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘विचारपूर्वक पण त्वरेने’ अशा अर्थाची शब्दयोजना केली. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला विचार तेवढा उचलला, त्वरा सोडून दिली.

व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये ‘प्रचंड प्रतिकारा’ची हाक दिली. राज्याने कायदे केले: न्यायालयाच्या आदेशाने एखादी शाळा मिश्र होणार असेल तर राज्यपाल ती बंद करतील. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरेन काउंटीत तशा शाळा खरोखर बंद झाल्या. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याचं सर्वोच्च न्यायालय आणि संघराज्याचं न्यायालय या दोघांनीही एकाच दिवशी ते कायदे रद्दबातल ठरवले. २ फेब्रुवारीला नॉरफोक आणि आर्लिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलं पहिल्यांदा गोऱ्यांच्या शाळांत बसली.

इथे राज्याने माघार घेतली असं वाटतं. घेतली, पण जाता जाता एक दार उघडं ठेवलं. विधिमंडळाने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा काढून टाकला आणि शाळांचा प्रश्न स्थानिक पातळीवर सोडला. प्रिन्स एडवर्डला नेमकं तेच हवं होतं.

तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांची तयारी १९५५ पासून चालू होती. खासगी शाळांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झालं होतं. चार हजारांहून जास्त गोऱ्या रहिवाशांनी १९५६ मध्ये लिहून दिलं होतं की मिश्र शाळांपेक्षा सरकारी शाळा नसलेल्या बऱ्या. कारभारी मंडळ शाळांना वर्षाचे पैसे एकदम न देता महिन्या-महिन्याने देऊ लागलं, म्हणजे आदेश आला की त्याच महिन्यात हात आखडता घेता यावा. १९५८ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी काउंटीला १९६५ पर्यंतची मुदत देऊन टाकली. अपील न्यायालयाने मे १९५९ मध्ये ती उडवली आणि त्याच सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्या असा आदेश दिला. जूनमध्ये कारभारी मंडळाने जाहीर केलं की येत्या वर्षी शाळांसाठी कर लावला जाणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने पेच असा होता. एकत्र बसवा असा आदेश शाळा मंडळाला होता, पण शाळा मंडळाकडे पैसे नव्हते. पैसे कारभारी मंडळाकडे, आणि त्या मंडळावर कुठलाही आदेश नव्हता. शाळा गोऱ्यांनाही बंद, कृष्णवर्णीयांनाही बंद. मग असमान वागणूक कुठली? सरकारी शाळा चालवलीच पाहिजे असं संघराज्याच्या घटनेत कुठे लिहिलं आहे? न्यायालय कर लावायला सांगू शकतं का? काउंटीच्या वकिलांनी हेच प्रश्न वर्षानुवर्षं घोळवले, आणि ते प्रश्न अगदीच फुसके नव्हते. म्हणूनच उत्तर मिळायला एवढा वेळ लागला.

काउंटीसमोरचे पर्याय

काउंटीला नाइलाज होता अशी मांडणी नंतर बरीच झाली, म्हणून तिच्यासमोर नेमकं काय काय होतं ते पाहणं भाग आहे. नॉरफोक आणि आर्लिंग्टनने केलं तसं मोजक्या मुलांना प्रवेश देऊन बाकी व्यवस्था जवळपास तशीच ठेवता आली असती. व्हर्जिनियातल्या बहुतेक भागांनी पुढची आठ-नऊ वर्षं हेच केलं, आणि १९६८ पर्यंत त्यात ते खपूनही गेले. थोडक्यात, वर्णविभाजन टिकवण्यासाठीसुद्धा शाळा बंद करायची गरज नव्हती.

मग का केल्या? एक कारण पैशाचं: कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी कर भरायला जमीनदार आणि व्यापारी वर्ग आधीपासून नाखूष होता. दुसरं, माझ्या मते जास्त वजनाचं कारण म्हणजे संप इथे झाला होता, खटला इथून गेला होता. ‘ब्राउन’मध्ये एकत्र आलेल्या सगळ्या खटल्यांतल्या वादींपैकी बहुसंख्य एकट्या या काउंटीचे होते. गोऱ्या पुढाऱ्यांना आपण साऱ्या दक्षिणेला वाट दाखवतो आहोत असं वाटत होतं, आणि स्थानिक वर्तमानपत्र त्यांना तसं वाटू देत होतं.

विरोध करणारे गोरेही होते. गोऱ्यांच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९५५ च्या एका सभेत उघड विरोध केला. लाँगवुड कॉलेजचे अधिष्ठाता गॉर्डन मॉस पुढे वर्षानुवर्षं बोलत राहिले. पण दुकानदाराने बोलावं तर गिऱ्हाईक तुटणार, पाद्र्याने बोलावं तर चर्च हातचं जाणार. सही न करणाऱ्याचं नाव गावात कुणाला ठाऊक नसतं असं थोडंच आहे.

सप्टेंबर १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड अकॅडमी सुरू झाली. चर्चच्या खोल्या, मंडळांचे दिवाणखाने, रिकामी घरं, मिळेल तिथे वर्ग भरले. सरकारी शाळांतले बहुतेक सगळे गोरे शिक्षक तिकडे गेले. सुमारे दीड हजार गोऱ्या मुलांचं वर्ष बुडालं नाही. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षापासून राज्याने प्राथमिकच्या मुलामागे १२५ आणि हायस्कूलच्या मुलामागे १५० डॉलर अनुदान दिलं, काउंटीने वर १०० डॉलर घातले, आणि खासगी शाळेला देणगी देणाऱ्याला स्थानिक करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत दिली. सरकारी शाळेसाठी तिजोरी रिकामी आणि खासगीसाठी उघडी, हे गणित पुढे न्यायालयात काउंटीला महागात पडलं.

कृष्णवर्णीय समाजासमोरचे पर्याय

त्यांची सुमारे १,७०० मुलं सप्टेंबरमध्ये घरी बसली. डिसेंबर १९५९ मध्ये काही गोऱ्या पुढाऱ्यांनी प्रस्ताव आणला: तुमच्यासाठीही खासगी शाळा काढतो. ‘साउथसाइड स्कूल्स’ या नावाने संस्था नोंदलीही गेली.

हा प्रस्ताव घ्यायचा की नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय. घ्यावा म्हणणाऱ्याची बाजू सोपी आहे: पोरं घरात बसली आहेत, सात वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नाही, जे मिळतंय ते घ्या. न घ्यावा म्हणणाऱ्याची बाजू अशी: दोन्ही समाजांची मुलं आपापल्या खासगी शाळेत जाऊ लागली की काउंटी न्यायालयात सांगणार, ‘कुणाचंच काही अडलेलं नाही.’ खटल्यातला जीवच जाणार. शिवाय ज्यांनी सरकारी शाळेला कुलूप घातलं त्यांच्याच मर्जीवर ही शाळा चालणार, म्हणजे १९५१ च्याही मागे जाणं आलं.

नकार ठरला. त्या संस्थेकडे एकच अर्ज आला.

एक अर्ज! एवढ्या कुटुंबांमधून. यामागे ग्रिफिन यांची समाजावरची पकड होती, एनएएसीपीचा सल्ला होता, आणि दर उन्हाळ्यात वाटणारी आशाही होती: न्यायालय या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी शाळा उघडायला लावेलच. निर्णय घेणाऱ्यांनी चार वर्षं शाळेविना काढायचं ठरवलं नव्हतं. त्यांनी एक वर्ष काढायचं ठरवलं होतं, आणि तोच निर्णय चार वेळा घ्यावा लागला.

चार वर्षं मुलांचं काय झालं

ग्रिफिन आणि इतरांनी चर्चच्या तळघरांत केंद्रं सुरू केली. काहीशे मुलं तिथे यायची, गावातल्या बायका शिकवायच्या. यातल्या काहींच्या स्वतःच्या शिक्षिकेच्या नोकऱ्या शाळा बंद झाल्यामुळेच गेल्या होत्या. या केंद्रांना शाळा म्हणायचं नाही, असं कटाक्षाने ठरलं होतं. ती ‘प्रशिक्षण केंद्रं’. तिथे वाचन, थोडं गणित, गाणी, खेळ आणि शिस्त. ठरलेला अभ्यासक्रम नाही, इयत्ता नाहीत. शाळा म्हटलं की काउंटी तेच न्यायालयात नेणार, ही भीती. खटल्याच्या दृष्टीने हा विचार शहाणपणाचा होता. मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की जे मिळतंय ते अपुरंच राहील याची काळजी घेतली जात होती.

वरच्या इयत्तांतल्या सुमारे साठ मुलांना पहिल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने हायस्कूल पूर्ण करण्यासाठी ठेवून घेतलं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या एका सेवा संस्थेने सत्तरेक मुलांची दुसऱ्या राज्यांत, अनोळखी कुटुंबांकडे राहून शिकायची सोय केली. काही आईबापांनी मुलांना बाल्टिमोर, वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाकडे नातेवाइकांकडे धाडलं. कुणी शेजारच्या काउंटीत एखादं पडकं घर भाड्याने घेतलं, केवळ पत्ता दाखवता यावा म्हणून. सकाळी पोरांना गाडीने हद्दीपलीकडे नेऊन त्या घरापाशी सोडायचं आणि तिथून शाळेची बस पकडायची.

ज्यांच्याकडे गाडी नव्हती, नातेवाईक नव्हते, भाड्याचे पैसे नव्हते, त्यांची मुलं तंबाखूच्या शेतात गेली. घरात चार भावंडं असली तर पाठवायचं कुणाला हाही प्रश्न; बहुधा हायस्कूल संपत आलेल्या थोरल्याला पाठवलं जायचं आणि धाकटी मागे राहायची. अनुदानं थांबल्यावर फी न परवडणाऱ्या काही गरीब गोऱ्या कुटुंबांचीही मुलं घरी बसली. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही, अकॅडमीवाल्यांना तर ते बोलणं अडचणीचंच होतं.

न्यायालयात मात्र भिजत घोंगडं पडलं होतं. ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने खटल्यात १९६० मध्ये नवी मागणी जोडली गेली. ऑगस्ट १९६१ मध्ये जिल्हा न्यायाधीश ओरेन लुइस यांनी सरकारी शाळा बंद असेतो खासगी शाळेची अनुदानं थांबवली. केनेडी सरकारच्या न्याय खात्याने त्याच वर्षी खटल्यात सामील व्हायची परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. १९६२ मध्ये लुइस यांनीच शाळा उघडायला हव्यात असं म्हटलं. १९६३ मध्ये अपील न्यायालयाने ते बाजूला ठेवलं, आधी राज्याच्या न्यायालयांना ठरवू द्या म्हणून. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६३ मध्ये सांगितलं की काउंटी पैसे देत नसेल तर राज्याने शाळा चालवलीच पाहिजे असं बंधन नाही. एकेक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर प्रत्येक न्यायालय आपल्या मर्यादेतच वागत होतं.

मोफत शाळा

१९६३ च्या मार्चमध्ये महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी एका भाषणात जगातल्या मोफत सार्वजनिक शिक्षण नसलेल्या ठिकाणांची यादी दिली. त्यात कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, साराव्हाक, सिंगापूर आणि ब्रिटिश होंडुरास यांच्या शेजारी प्रिन्स एडवर्ड काउंटीचं नाव होतं. शीतयुद्धाच्या ऐन भरात वॉशिंग्टनला याहून लाजिरवाणं काय असणार!

जुलैत फार्मव्हिलच्या रस्त्यावर तरुणांचे मोर्चे निघाले, दुकानांवर बहिष्कार पडला. त्याच उन्हाळ्यात केनेडी सरकारच्या पुढाकाराने, रॉबर्ट केनेडींचे सहायक विल्यम वँडन ह्युवेल यांच्या धावपळीतून ‘प्रिन्स एडवर्ड फ्री स्कूल असोसिएशन’ उभी राहिली. विश्वस्त सहा, तीन गोरे आणि तीन कृष्णवर्णीय. अध्यक्ष व्हर्जिनियाचे माजी राज्यपाल कोलगेट डार्डन. पैसा प्रतिष्ठानांकडून आणि देणगीदारांकडून, दहा लाख डॉलरच्या घरात. कुलूप पडलेल्या सरकारी इमारतीच भाड्याने घेतल्या. नील सलिव्हन हे अधीक्षक म्हणून आले आणि देशभरातून सुमारे शंभर शिक्षक, गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही, गोळा केले.

१६ सप्टेंबर १९६३ ला शाळा भरली. दीड हजारांवर मुलं आली, त्यात गोरी बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक अधिष्ठाता मॉस यांचा मुलगा.

शिक्षकांपुढे आलेलं दृश्य इयत्तांच्या चौकटीत बसणारं नव्हतं. दहा वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसत होतं. शेजारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी, चार वर्षांपूर्वीचं वाचन विसरलेली. म्हणून इयत्ता रद्द केल्या. ज्याला जे येतं तिथून सुरुवात, आणि विषयाप्रमाणे गट बदलायचे: गणितात पुढे असलेलं मूल वाचनात लहानांबरोबर बसू शकायचं. शाळा उन्हाळ्यातही चालू राहिली.

निकाल आणि त्यानंतर

सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९६४ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की काउंट्यांना वेगवेगळं वागवायची राज्याला मुभा असते, पण त्यामागचं कारण घटनेत बसणारं हवं. वर्ण आणि एकत्रीकरणाला विरोध हे कारण तसं नाही. जिल्हा न्यायालय कारभारी मंडळाला कर लावायचा आदेश देऊ शकतं, असंही स्पष्ट सांगितलं. शाळा उघडायचा आदेश न्यायालय देऊ शकतं या मुद्द्यावर क्लार्क आणि हार्लन हे दोन न्यायमूर्ती असहमत होते. म्हणजे काउंटीच्या वकिलांनी पाच वर्षांपूर्वी काढलेली शंका शेवटपर्यंत पुरती मिटली नव्हती.

सप्टेंबर १९६४ मध्ये सरकारी शाळा उघडल्या. काउंटीने त्यांच्यासाठी मंजूर केले १ लाख ८९ हजार डॉलर. आणि शाळा उघडायच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, कारभारी मंडळाने एका रात्रीत गोऱ्या पालकांना सुमारे १ लाख ८० हजार डॉलरची अनुदानं वाटून टाकली. न्यायालयाकडून मनाई येण्याआधी पैसे हातात पडावेत म्हणून पालकांना रात्रीच बोलावलं होतं. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने हा न्यायालयाचा अवमान ठरवला.

उघडलेल्या शाळांत गोरी मुलं जवळजवळ नव्हतीच. सत्तरच्या दशकापासून ती हळूहळू परतली. अकॅडमीची करसवलत १९७८ मध्ये गेली आणि १९८६ मध्ये तिने सर्व वर्णांना प्रवेश देण्याचं धोरण स्वीकारलं. १९७१ च्या राज्यघटनेत व्हर्जिनियाने शाळांची जबाबदारी अशी बांधून टाकली की पुन्हा कुठल्या काउंटीला हा मार्ग घेता येऊ नये. मोटन हायस्कूलच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

वेगळं काय करता आलं असतं

न्यायालयांचा वेळकाढूपणा हे उघड उत्तर आहे, आणि ते बरोबरच आहे. कर लावायचा आदेश १९६४ मध्ये देता येत होता तर १९६० मध्येही देता आला असता. मधल्या काळात घटनेतलं एक अक्षरही बदललं नव्हतं. पण न्यायालय चुकलं म्हणून थांबलं तर या प्रकरणातला जास्त अवघड भाग निसटतो.

साउथसाइडचा प्रस्ताव नाकारणं मला बरोबर वाटतं. तो घेतला असता तर काउंटीला आयता बचाव मिळाला असता, आणि तिच्या पाठोपाठ दक्षिणेतल्या किती काउंट्यांनी तीच वाट धरली असती सांगता येत नाही. माझी हरकत आहे ती ‘साउथसाइड किंवा काहीच नाही’ या मांडणीला. १९६३ च्या मोफत शाळेने दाखवून दिलं की तिसरा मार्ग होता: कुलूप घालणाऱ्यांच्या हातात नसलेली, सर्वांना खुली, बाहेरच्या पैशावर चालणारी खरी शाळा. ती सुरू झाल्याने खटला पडला नाही. उलट ती चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. म्हणजे मुलांना शिकवलं तर दावा कमकुवत होतो ही भीती, निदान या रूपातल्या शाळेपुरती, खरी ठरली नाही.

मग ही शाळा १९५९ मध्येच का निघाली नाही? दहा लाख डॉलर आणि माजी राज्यपाल जमवण्याची ताकद ग्रिफिन यांच्याकडे नव्हती, ती वॉशिंग्टनकडे होती. केनेडींच्या आधीच्या आयझेनहॉवर सरकारने हात झटकले होते. एनएएसीपीकडे वकील होते, पण शाळा चालवणं हे तिचं कामच नव्हतं, आणि खटला जिंकेपर्यंत मुलांचं काय हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. दुसऱ्या संस्था मदतीला आल्या त्या मुलांना काउंटीबाहेर नेण्याच्या मदतीने, म्हणजे साठ-सत्तर मुलांच्या हिशेबाने. १,७०० मुलांचा हिशेब कुणी मांडला तो चार वर्षांनी. १९६० च्या उन्हाळ्यात, दुसरं वर्ष कोरडं जाणार हे दिसू लागलं तेव्हा, तळघरातल्या केंद्रांना ‘शाळा नाही’ ठेवण्याचा निर्णय पुन्हा तपासायला हवा होता. तो तसाच पुढे चालला, कारण दरवर्षी निकाल जवळच आल्यासारखा वाटत होता.

भरपाईच्या बाबतीतही एक निर्णय खटकतो. २००४ मध्ये राज्याने शाळा बंद असताना शिक्षणाला मुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, राज्याचे दहा लाख आणि उद्योगपती जॉन क्लुगे यांचे दहा लाख डॉलर घालून. पन्नाशी-साठीतली माणसं त्यावर शाळेची परीक्षा द्यायला, कॉलेजात जायला पुढे आली. पण अर्जदार व्हर्जिनियाचा सध्याचा रहिवासी असावा अशी अट सुरुवातीला होती. ज्या मुलांना १९५९ नंतर शिकण्यासाठी बाल्टिमोरला किंवा फिलाडेल्फियाला पाठवून दिलं आणि जी तिथेच राहिली, ती या अटीत बसत नव्हती. अट घालणाऱ्यांना राज्याच्या पैशाचा हिशेब द्यायचा होता हे समजतं, पण निदान क्लुगे यांच्या वाट्याचे पैसे तरी या अटीतून मोकळे ठेवता आले असते.